आधी ताणा, मग बाणा : वाचकांचे विणकामाचे प्रश्न

मागच्या अंकात पुठ्ठ्यावरचा छोटा माग सांगितला होता. पुठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कडेला खाचा पाडायच्या, त्यात उभा दोरा ताणून गुंडाळायचा, तो ताणा, आणि त्यातून खाली-वर खाली-वर करत आडवा धागा न्यायचा, तो बाणा. सोबत लिहिलं होतं की कागद, लोकर, दोरा जे घरात असेल ते घालून बघा. तुम्ही खरंच बघितलंत आणि अडलात तिथे प्रश्न पाठवलेत, फोटोही पाठवलेत, खूप छान वाटलं. सगळे प्रश्न घेता नाही आले, सारखे होते ते एकत्र केलेत.

माझी मुलगी चौथीत आहे. कार्यानुभवासाठी कागदाची चटई करायची होती म्हणून दोघींनी बसून घोटीव कागदाच्या पट्ट्या कापल्या, पण ओढताना पट्ट्या फाटतात आणि शेवटची पट्टी काही केल्या आत जात नाही, कोंबली तर चटई मधे फुगते. काय चुकतंय? – एक आई, कोथरूड

पहिली गोष्ट, घोटीव कागद दिसायला सुंदर पण पातळ असतो, त्याची पट्टी फाटणारच. कार्डशीट किंवा जाड क्राफ्ट पेपर घ्या, ऑनलाइन पार्सल येतं ना त्याच्यातला तो खाकी कागद, तो फार चांगला चालतो. दुसरं म्हणजे कागदाला दिशा असते हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. मशीनवर कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला झोपतात, म्हणून वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ टरकन फाटतं आणि आडवं फाडायला गेलं की वेडंवाकडं जातं. मुलीला हे करून दाखवा, तिला मजा वाटेल. ज्या दिशेला सरळ फाटतं त्या दिशेला पट्टीची लांबी आली पाहिजे, म्हणजे ओढताना तंतू लांबीत ओढले जातात आणि पट्टी टिकते. कापताना कागद आडवा धरला की उभा एवढ्यावरून निम्मं काम ठरतं.

शेवटची पट्टी जात नाही यात मात्र तुमची चूक नाही. कागदाला जाडी आहे, प्रत्येक पट्टी वरून जाते मग खालून जाते आणि त्या चढउतारात थोडी थोडी जागा खाते. चटईच्या कागदात पाडलेल्या १८ सेंटीमीटरच्या चिरांमधे १ सेंटीमीटरच्या १८ पट्ट्या बसायला हव्यात असं गणित सांगतं पण १७ वर थांबा, चटई सपाट राहील.

आणि एक खाली एक वर झालं की लगेच पुढची वीण करून बघा. दोन खाली दोन वर न्यायचं, पुढच्या ओळीत तेच पण एक घर सरकवून, त्याच्या पुढे आणखी एक घर, चार ओळी झाल्या की पाचवी पुन्हा पहिल्यासारखी. तिरक्या पायऱ्या उमटतात. मग घरातली एखादी जीन्स घ्या आणि कापड डोळ्याजवळ धरा, तिथेही अशाच तिरक्या रेघा दिसतील (तिथे बहुतेक वेळा तीन आणि एक असं असतं एवढाच फरक). मुलांना हे दाखवलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कापड हे कुणीतरी मोजून केलेलं असतं हे तिथे कळतं. म्हणून मी सगळ्यांना कागदापासूनच सुरुवात करायला सांगते, कागद काही लपवत नाही, एक घर चुकलं तरी लगेच दिसतं, लोकरीत तीच चूक दबून जाते. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शिक्षणाचं जे काम सुरू केलं, ज्यातून पुढे किंडरगार्टन आलं, त्यात कागदाच्या पट्ट्या विणणं हा मुलांचा एक नेहमीचा उद्योग होता. म्हणजे ही चौथीची चटई तिथपासून चालत आलीय, तिला फक्त मार्कांपुरतं धरू नका.

पुठ्ठ्याचा माग केला, छान जाड लोकर घेतली, तीच उभी ताणली आणि तीच आडवी भरली. सुरुवात १२ सेंटीमीटर रुंदीने केली होती, मधे येईपर्यंत ८ झाली, शेवटी परत रुंद. डमरू झालाय. शिवाय पुठ्ठा वाकला आणि काढल्यावर कापड एकदम आखडलं. लोकर खराब होती का? – धनकवडी

लोकर खराब नव्हती, तिला चुकीचं काम दिलं गेलं. असा डमरू झालेले सात फोटो आलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकर ताणली की लांब होते आणि सोडली की परत येते, स्वेटर अंगाला बसतो तो याच गुणामुळे. पण ताण्याला नेमकं उलटं लागतं, ताण्याने जागचं हलायचं नाही. तुम्ही लोकर खेचून पुठ्ठ्यावर बांधलीत, ती दिवसभर पुठ्ठ्याला आत ओढत राहिली म्हणून तो वाकला, आणि काढल्यावर ती आपल्या मूळ लांबीला गेली म्हणून कापड आखडलं. जुन्या घरात ज्यांनी नवारीचा पलंग बघितलाय त्यांना हे लगेच कळेल, नवार सैल पडली की माणूस मधे खड्ड्यात जायचा आणि मग सुट्टीच्या दिवशी ती सगळी सोडून परत खेचून भरायचे, एकजण पाय लावून ओढायचा आणि दुसरा धरून ठेवायचा. नवार सुती म्हणून तो ताण धरायची, लोकरीच्या पट्ट्यांचा पलंग कुणी भरला नसता.

तर ताण्याला सुती दोरा घ्या, पिळदार, तीन किंवा चार पदरी. फुलपुडीचा दोरा नको, तो सैल कातलेला असतो, खाचेवर घासून तुटतो. दुकानातच बघायचं, दोन्ही हातांच्या बोटांना एक एक वेढा द्यायचा आणि झटका मारायचा, बोटाला कचकन लागलं आणि दोरा तसाच राहिला तर तो ताण्याचा दोरा. पुठ्ठा खोक्याचा असेल तर त्याच्या आतल्या नळ्या ताण्याच्या दिशेला उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर पुठ्ठा त्या नळ्यांवरच मोडतो. याहून चांगलं म्हणजे जुनी फोटोफ्रेम, वर आणि खाली अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खिळे ठोकायचे, ती वर्षानुवर्षं वापरता येते.

आता डमरू. बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत ओढला की प्रत्येक ओळीला काठ केसभर आत येतो. केसभर कळत नाही, पण ओळीमागून ओळ ते साठत जातं आणि मधे येईपर्यंत चार सेंटीमीटर झालेलं असतं. त्यामुळे बाणा सरळ टाकायचाच नाही, छोट्या टेकडीसारखी कमान करून टाकायचा आणि मग मधून सुरुवात करत जुन्या कंगव्याने नाहीतर काट्याच्या चमच्याने खाली दाबायचा, त्या कमानीत जास्तीचा धागा असतो तोच वळणं घ्यायला उपयोगी पडतो. काठाशी धागा वळवताना तो शेवटच्या दोऱ्याला नुसता टेकला पाहिजे, त्याने दोऱ्याला आत खेचायचं नाही. हातमागावर मुरलेले विणकरसुद्धा कापडाच्या रुंदीएवढी टोकदार काठी दोन्ही काठांत अडकवून ठेवतात आणि जसं कापड पुढे जाईल तशी ती सरकवतात, म्हणजे काठ आत येणं ही सगळ्या विणणाऱ्यांचीच अडचण आहे. दर पाच ओळींनी पट्टी लावून रुंदी मोजा. मी अजून मोजते.

कुणी म्हणेल मग घोंगडीत ताणासुद्धा लोकरीचाच असतो की. असतो, पण ती आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची राठ लोकर, पीळ घालून कातलेली, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. नव्या घोंगडीचा तो करकरीत हात आणि तो वास ज्याला माहितीय त्याला माहितीय. तेवढे कष्ट घेतले तर लोकरही ताण धरते. आपण दुकानातून आणतो तो गुंडा मात्र बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो, नाव फक्त लोकर. खात्री करायची तर दोन इंचाचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा (सिंकमधे, पाणी जवळ ठेवून, आणि मोठ्यांनीच), केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर खरी लोकर, वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. बाण्याला दोन्ही चालतात.

मी ६८ वर्षांची आहे, आयुष्यभर सुयांवर विणलं, क्रोशाही येतो. घरात उरलेल्या लोकरीचे गुंडे पिशवीभर आहेत, काही नातवाचे जुने स्वेटर उसवून काढलेले. हे मागावर चालेल का? आणि हे विणकाम आमच्या विणकामापेक्षा वेगळं कसं? – सदाशिव पेठ

काकू, तुमच्या पिशवीचा मला हेवा वाटतोय. सगळं चालेल.

आपल्या भाषेत विणणं हा एकच शब्द आहे, स्वेटर विणतात, पैठणी विणतात, बाज विणतात, सुगरणही घरटं विणते, त्यामुळे घोळ होतो. तुमच्या सुयांवर एकच धागा असतो, तो स्वतःच्याच फासात फास अडकवत वर जातो, म्हणून ते ताणलं जातं आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते. मागावर फास नाहीत, दोन वेगवेगळे धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात आणि एकमेकांना दाबून धरतात. फारसं ताणलं जात नाही, मधे भोक पडलं तरी शिडी होत नाही, फक्त कडेने सुटतं. तुमचा हात धाग्याचा सैलपणा ओळखतो, निम्मी विद्या तीच आहे, बाकी आठवड्यात येईल.

जाड आणि बारीक एकत्र घेताना बारीक लोकरीचे दोन पदर एकदम धरा, दोन्ही हातात चोळून बघा, जाडी सारखी लागली की झालं. उसवलेल्या लोकरीचं कुरळेपण घालवायचं असेल तर लडी करून ओली करा आणि खाली थोडं वजन अडकवून वाळवा. पण खरं सांगू का, मी घालवत नाही. ती नागमोडी लोकर बाण्यात भरली की अशी काही फुगीर आणि जिवंत दिसते, नव्या गुंड्याला ते येत नाही. नातवाच्या स्वेटरची असेल तर अजिबात घालवू नका.

फाइन आर्टला आहे. कागदाच्या पट्ट्या विणून झाल्या, आता कागदाचाच धागा करून विणायचाय. वर्तमानपत्र पिळून बघितलं, ठिकठिकाणी तुटतं. होतं का असं काही? – विमाननगर

होतं, आणि फार सुंदर होतं. जपानमधे कागदाच्या धाग्याचं कापड विणण्याची जुनी परंपरा आहे, शिफू म्हणतात त्याला. तिथला वाशी कागद लांब तंतूंचा असतो, तो घडी घालून बारीक पट्ट्यांत कापतात पण दोन्ही टोकांना कड शिल्लक ठेवतात, म्हणजे चाळणीसारखी एक सलग जाळी हातात येते. ती जरा दमट करून खडबडीत दगडावर हलक्या हाताने लोळवतात, पट्ट्या गोल व्हायला लागतात, मग कडा एक आड एक फाडत गेलं की अख्ख्या कागदाचा एकच लांब धागा निघतो. शेवटी त्याला पीळ देतात. जिथे कड फाडली तिथे छोटीशी गाठ राहते, विणल्यावर ती कापडात दाण्यासारखी दिसते.

वर्तमानपत्र तुटणारच, त्याचे तंतू आखूड आणि कमजोर. शिवाय लाकडातलं लिग्निन (तंतूंना चिकटवून धरणारा पदार्थ) त्यात तसंच राहिलेलं असतं म्हणून उन्हात ते पिवळं पडतं, तुझं काम वर्षभरात तपकिरी होईल. आपल्या शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळ हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे कापसाच्या चिंध्यांपासून कागद होतो, त्यातला सगळ्यात पातळ कागद माग. कापसाचा तंतू लांब, आणि हाताने केलेल्या कागदाला मशीनसारखी एक दिशा नसते, कुठूनही काप. मी १ सेंटीमीटरच्या पट्ट्या करते, ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवते आणि आईच्या पाट्यावर लोळवते, टाकी लावलेला पाटा यासाठी इतका नेमका खडबडीत असतो की वेगळा दगड शोधायची गरजच नाही. ज्यांच्या घरी पाटा नाही त्यांनी मांडीवर, वाती वळतो तसं. पहिला धागा वळताना पट्टी बोटाखाली आधी चपटी सरकते, घसरते, आणि मग एका क्षणी ती गोल होते आणि कडक लागते, तो क्षण बोटाला कळतो, तिथे थांबायचं, अजून पीळ दिला की तुटते.

हा धागा बाण्याला वापर, ताण्याला सुती दोराच. आणि हे सगळं करताना नोंदवही ठेव, कागद कुठला, पट्टी किती रुंद, किती ओला, पीळ कुठल्या बाजूला. जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या विणकर ॲनी अल्बर्स पुढे १९३३ पासून अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजला शिकवत होत्या, त्या विद्यार्थ्यांना मागावर बसवण्याबरोबरच मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद असल्या वस्तूंनी कापडाचा पोत उभा करायला लावायच्या. तुझ्या कॉलेजजवळ जे मिळेल ते घे, बांबूची सालपटं, माठाच्या जुडीची सुतळी, काहीही.

निळा आणि पिवळा शेजारी शेजारी विणला तर मधे उभी चीर पडते. शिवून टाकू का? – बिबवेवाडी

शिवू नका, विणतानाच जोडा. निळा धागा सीमेपर्यंत येऊन मागे वळतो, पिवळाही त्याच्या बाजूने वळतो, दोघांची भेटच होत नाही म्हणून चीर. वळायच्या आधी दोन धागे एकमेकांत एकदा अडकवा, हातात हात घातल्यासारखे, आणि मग आपापल्या बाजूला परत न्या. प्रत्येक ओळीला हेच.

पैठणीच्या पदरावरचा मोर असाच होतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि रंग बदलतो तिथे धाग्यात धागा अडकवला जातो, म्हणून हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो, आणि मशीनवरच्या नकलेत मागे मोकळे धागे लोंबत असतात. घरात आईची, आजीची पैठणी असेल तर आज कपाटातून काढा आणि पदराची मागची बाजू उजेडात धरा. जमलं तर एकदा येवल्याला जाऊन माग चालू असताना बघा, एका ओळीत कितीतरी वेळा हात थांबतो, रंग बदलतो, पुढे जातो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ तिथून उठवलं नाही.

सामान पुण्यात कुठे मिळेल? – बऱ्याच जणांनी विचारलंय

लोकर आणि दोरे रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, वजनावर घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. कागद आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकात. मोठ्या नेढ्याच्या सुया तुळशीबागेत. पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, सकाळी जा. आणि एवढ्या लांब गेलातच तर बुरुड आळीत पाच मिनिटं उभे राहा, सूप आणि टोपल्या करणाऱ्यांचे हात बघा, बांबूची कामटी ओली का ठेवतात ते विचारा. विकत घ्या आणि मग विचारा, ते कामात असतात.

भिंतीवर लावायला केलेलं धुवायचं कसं?

कागद असेल तर धुवायचं नाही, मऊ ब्रशने धूळ काढायची आणि उन्हापासून लांब लावायचं. लोकर असेल तर थंड पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलवर आडवं वाळवायचं.

मी सहावीत आहे. मला विणायला आवडतं, मी आजीबरोबर निळ्या लोकरीची पट्टी करतोय पण वर्गातली मुलं म्हणतात हे मुलींचं काम आहे. आणि माझी लोकर संपत आलीय, शेवट कसा करायचा? – सिंहगड रोड

अरे, येवल्याला, सोलापूरला जाऊन बघ, मागावर तुझ्या बाबांच्या आणि आजोबांच्या वयाची माणसं बसलेली दिसतील. घोंगड्या विणणारे सणगर, त्यांच्या घरात बाया लोकर कातायच्या आणि पुरुष मागावर बसायचे. अख्खं घर लागतं एका कापडाला. मुलांना हे सांग, आणि सांगून पटलं नाही तर पुठ्ठ्याचा माग वर्गात घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे, दोन ओळी करू दे त्यांना.

आता शेवट. लोकर पूर्ण संपायची वाट बघू नकोस, पट्टीच्या रुंदीच्या तिप्पट उरली की थांब. ते टोक मोठ्या सुईत ओव, काठाला लागून असलेल्या दोऱ्याच्या शेजारून खाली चार-पाच ओळी आत घाल आणि मग काप. पुठ्ठ्यावरून ताणा सगळा एकदम काढू नको, दोन दोन दोरे काप, त्यांची गाठ मार, मग पुढचे दोन. गाठ बाण्याला अगदी टेकलेली हवी. आजीला म्हणावं पुठ्ठा धरून ठेव, म्हणजे तुझे दोन्ही हात मोकळे राहतील.